जकात आणि परदेशी खेळणे

‘जकात’ हा मूळ अरबी शब्द. आपल्या घरात तो गरिबांचा हक्क. मराठीत मात्र नाक्यावरचा कर झाला. नाशिकच्या नाक्यांवरची जकात 2013 मध्ये संपली. परदेशी मालावरची सीमाशुल्क या नावाने राहिली.

आज ती खेळणी जमवणाऱ्यांच्या वाट्याला येते. अमेरिकेतले किंवा जपानमधले दुकान भारतात माल पाठवत नसेल, तर ग्राहक पार्सल पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा तिथला पत्ता देतो. तिच्या गोदामात चार खरेद्या एका खोक्यात बांधतात. भाडे वजनावर किंवा आकारमानावर, जे जास्त भरेल त्यावर. मूळ वेष्टन काढले तर भाडे वाचते, पण संग्रहातले मोल उतरते.

पूर्वी 5,000 रुपयांपर्यंतची भेट करमुक्त येई. चिनी ई-कॉमर्स कंपन्या विक्रीचा माल ‘भेट’ म्हणून पाठवतात, अशी ओरड झाली आणि डिसेंबर 2019 मध्ये सवलत गेली. राखी व जीवरक्षक औषधे तेवढी वगळली. आखातातल्या मामूंनी भाच्याला पोस्टाने धाडलेली मोटारही त्यात सापडली.

म्हणून खरेदी असेल, तर पार्सलवर खरेदीच लिहा. खोट्या ‘भेटी’ची किंमत खऱ्या भेटीने मोजली आहे.