पेहरावाची सक्ती, बंद दरवाजा आणि तुरुंग : नाशिकच्या सत्याग्रही स्त्रिया

१३ सप्टेंबर २०२२ रोजी तेहरानमध्ये 'गश्त-ए-इर्शाद', म्हणजे इराणच्या नैतिकता पोलिसांनी, २२ वर्षांच्या एका तरुणीला हिजाब नियमाप्रमाणे घातला नाही म्हणून ताब्यात घेतले. १६ सप्टेंबरला ती रुग्णालयात मरण पावली. सरकारी कागदावर तिचे नाव महसा अमिनी. घरच्यांसाठी ती जीना होती, कुर्द समाजातली, साकेझ गावची. तिच्या दफनाच्या वेळी स्त्रियांनी डोक्यावरचे रुमाल काढले आणि 'जिन, जियान, आझादी' ही कुर्द चळवळीतली घोषणा दिली. स्त्री, जीवन, स्वातंत्र्य. काही दिवसांत ती देशभर पोचली. पुढच्या महिन्यांत पोलिसांच्या कारवाईत किमान ५५१ माणसे मारली गेल्याची नोंद 'इराण ह्यूमन राइट्स' या संघटनेने केली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सत्यशोधन समितीने मार्च २०२४ मध्ये जीनाच्या मृत्यूची जबाबदारी इराणी शासनावर टाकली.

आपल्याकडच्या तरुणांनी हे सगळे मोबाईलवर पाहिले. बहुतेकांचा समज असा झाला की हा दुसऱ्या देशाचा आणि दुसऱ्या धर्माचा प्रश्न आहे. आम्हाला तसे वाटत नाही. बाईने काय नेसावे, कुठपर्यंत यावे आणि कुठे थांबावे हे दुसऱ्याने ठरवायचे, आणि तिने ऐकले नाही तर पोलीस पाठवायचे, हा व्यवहार नाशिक जिल्ह्याने चांगला पाहिला आहे. त्याला पहिल्यांदा भिडल्या त्या आपल्याच आज्या-पणज्या.

इराणमधली एक गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. तिथे सक्ती दोन्ही बाजूंनी झाली. १९३६ मध्ये रझा शाहने बुरखा-चादरीवर बंदी घातली आणि पोलीस भर रस्त्यात बायकांच्या अंगावरची चादर ओढू लागले. कित्येक जणींनी घराबाहेर पडणेच सोडले. १९७९ च्या क्रांतीनंतर उलटा हुकूम आला. ८ मार्च १९७९ रोजी तेहरानच्या रस्त्यांवर हजारो स्त्रिया त्याविरुद्ध उतरल्या, तरी काही वर्षांत हिजाबचा कायदा झालाच, फटक्यांच्या शिक्षेसह. कपडा बदलला, पण हुकूम देणारा हात बाईचा कधीच नव्हता.

आपल्याकडे हा हुकूम जातीने दिला. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'कास्ट्स इन इंडिया' या निबंधात जातीचे यंत्र कसे चालते ते दाखवले आहे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा स्त्रीला ताब्यात ठेवण्यासाठी आहेत, आणि त्या ताब्याशिवाय जातीची भिंत उभी राहू शकत नाही. ते तेव्हा २५ वर्षांचे होते. हा निबंध आजच्या अभ्यासवर्गांत क्वचितच घेतला जातो, याचे आम्हाला आश्चर्य वाटते.

पेहरावाचा नियम याच भिंतीचा भाग. 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात (१९३६) बाबासाहेबांनी इंदूर संस्थानातल्या बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. १९२८ च्या सुमारास तिथल्या सवर्णांनी गावोगाव फर्मान काढले : बलाई पुरुषांनी जरीकाठी पागोटे बांधू नये, रंगीत काठाचे धोतर नेसू नये, बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, चांगले झगे-जाकिटे वापरू नयेत, आणि सवर्ण बायकांच्या बाळंतपणाला मात्र हजर राहावे. नकार देणाऱ्यांचे पाणी तोडले, पिकांत गुरे सोडली. दरबाराकडे अर्ज गेले, पण वेळेवर मदत आली नाही आणि शेकडो बलाई कुटुंबांना गाव सोडावे लागले. त्रावणकोरात तर नाडर स्त्रियांना छाती झाकण्यासाठी लढावे लागले. १८५९ मध्ये राजाने जाहीरनामा काढला तेव्हा कुठे परवानगी मिळाली. एका ठिकाणी झाकण्याची सक्ती, दुसऱ्या ठिकाणी न झाकण्याची.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृतीचे दहन झाले, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्याच परिषदेच्या अखेरीस बाबासाहेब खास स्त्रियांशी बोलले, ही आठवण मात्र मागे पडते. लुगडे आखूड नेसण्याची तऱ्हा, गळ्यातल्या गळसऱ्यांची रास आणि कोपरापर्यंत भरलेले कथलाचे, चांदीचे दागिने या खुणांवरून अस्पृश्य बाई लांबूनच ओळखू यावी अशी व्यवस्था होती. या खुणा टाका, लुगडे पायघोळ नेसा, मुलींना शाळेत घाला, असे त्यांनी सांगितले. चळवळीत सोबत असलेल्या चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी नेसण्याची नवी पद्धत समजावून दिली आणि कित्येक जणी परतल्या त्या तशाच नेसून. गावात त्याची किंमत मोजावी लागणार, हे त्यांना माहीत होते. काही अभ्यासकांना या भाषणात सवर्ण स्त्रीची नक्कल दिसते. आम्हाला तो आक्षेप तोकडा वाटतो. ज्या खुणेमुळे गावाच्या वेशीवर तुम्हाला हटकले जाते, ती पुसणे ही नक्कल कशी होईल?

दोन वर्षांनी नाशिक.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दादासाहेब गायकवाड, अमृतराव रणखांबे, पतितपावनदास ही सत्याग्रह समितीतली नावे. त्या दिवशी सुमारे मैलभर लांब मिरवणूक पंचवटीकडे निघाली. कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक हजर, मंदिराचे दरवाजे बंद. मिरवणूक गोदावरीच्या घाटावर वळली आणि तिथे सभा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली तुकडी मंदिराच्या चारही दरवाजांवर जाऊन बसली : १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया.

बहुतेक पुस्तकांत या स्त्रिया 'पंचवीस' या आकड्यातच राहिल्या. पण ठिय्या देणे म्हणजे काय, याचा विचार केला तर तो आकडा मोठा वाटू लागतो. मार्चचे ऊन, दगडी रस्ता, समोर शस्त्रधारी पोलीस, आतून भजनांचा आवाज आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या शिव्या. ज्या बाईला गावात सवर्णाच्या अंगणात पाऊल टाकता येत नव्हते, ती शहरातल्या सर्वांत मोठ्या मंदिराच्या दाराशी दिवसभर बसून राहिली. ९ एप्रिलला, रामनवमीच्या उत्सवात, रथ ओढण्यावरून ठरलेला समझोता मोडला आणि दगडफेक झाली. त्यात बाबासाहेबांनाही इजा झाली. सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे चालला. मनाईहुकूम, अटका, शिक्षा आणि पुन्हा नवी तुकडी.

खरा सूड मात्र गावांनी उगवला. नाशिकच्या आसपासच्या खेड्यांत अस्पृश्यांचे रस्ते बंद झाले, बाजारात वाणसामान मिळेना, मुलांना शाळेतून काढले. पाणी कोण भरते, मीठ-मिरची कोण आणते, चूल कोण पेटवते? बहिष्काराचा पहिला फटका बाईलाच बसतो. तुरुंगात गेलेल्याची नोंद सरकार ठेवते. घरी राहून तो बहिष्कार पचवलेल्या बाईची नोंद कुणाच्याच वहीत नाही. इंग्रज सरकार स्वतःला तटस्थ म्हणवत होते, पण बंद दरवाजाच्या बाहेर उभा असलेला पोलीस दरवाजा बंद ठेवणाऱ्याच्याच बाजूचा असतो.

मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून सत्याग्रह थांबवायला सांगितले. मूर्तिपूजेसाठी हा लढा नव्हता, आपल्या माणसांत बळ यावे यासाठी होता, असे त्यांनी त्यात स्पष्ट केले. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

ते बळ स्त्रियांत किती आले, याची साक्ष २० जुलै १९४२ च्या नागपूरच्या महिला परिषदेत मिळते. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या. ठरावांत नवऱ्यापासून काडीमोड घेण्याचा हक्क, बहुपत्नीत्वावर बंदी, गिरणीतल्या बायकांसाठी रजा आणि त्यांच्यावर देखरेखीला स्त्रीच असावी, या मागण्या होत्या. हिंदू कोड बिलाच्या कितीतरी आधी.

नाशिकच्याच शांताबाई दाणी याच प्रवाहातून घडल्या. दादासाहेबांबरोबर त्या चळवळीत आल्या, १९४६ च्या पुण्याच्या सत्याग्रहात तुरुंगात गेल्या, पुढे १९६८ ते १९७४ विधान परिषदेत होत्या. त्यांच्या आत्मकथनाचे नाव 'रात्रंदिन आम्हा'. दादासाहेबांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ रोजी सुरू झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात देशभरात तीन लाखांहून अधिक लोकांनी अटक करून घेतली. त्यात स्त्रिया कडेवर मूल घेऊन तुरुंगात गेल्या. आता सरकार इंग्रजांचे नव्हते, आपले होते. मागणी पडीक जमिनीची, किमान वेतनाची आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याची.

आजचे प्रश्न इथूनच पाहावे लागतात. कर्नाटकात २०२२ मध्ये शाळा-महाविद्यालयांत हिजाबला मनाई झाली. उच्च न्यायालयाने १५ मार्चला ती उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले, तो दिवस होता १३ ऑक्टोबर २०२२. येवल्याच्या घोषणेची तारीख. त्या काळात बाबासाहेबांची पडद्यावरची टीका समाजमाध्यमांवर खूप फिरली. ती टीका त्यांचीच आहे, 'पाकिस्तान' या ग्रंथातली, आणि कडक आहे. पण ती फिरवणाऱ्यांपैकी किती जणांनी हिंदू स्त्रीच्या गुलामगिरीवरचे त्यांचे लिखाण फिरवले? मुलगी शाळेच्या दारात अडवली जात असताना अडवणाऱ्याच्या बाजूला उभे राहणे काळारामच्या दारात बसलेल्यांच्या वारसांना शोभत नाही. तेहरानमध्ये हिजाब जाळणारी आणि उडुपीत हिजाब घालून वर्गात बसू पाहणारी, या दोघींच्या बाजूने एकाच वेळी उभे राहता येते. त्यात विसंगती नाही.

नाशिकपासून २८-३० किलोमीटरवरच्या त्र्यंबकेश्वरात एप्रिल २०१६ मध्ये काय झाले तेही आठवावे. मंदिरप्रवेशात स्त्रियांना अडवता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने म्हटल्यानंतर देवस्थानाने गर्भगृह बायकांना रोज सकाळी एक तास खुले केले, तेही सुती किंवा रेशमी वस्त्र नेसण्याच्या अटीवर. दार उघडताना सुद्धा कपड्याचा नियम सोबत आला. प्रवेशासाठी गेलेल्या स्त्रियांना धक्काबुक्की झाली आणि प्रकरण पोलिसांत गेले.

आणि आपल्या घरातलेही बोलू. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बायका पांढरे लुगडे नेसून आल्या. हिंदू समाजात पांढरे वस्त्र विधवेचे. नवरा शेजारी उभा असताना पांढरे नेसणे हे त्या बायकांनी स्वतः केलेले बंड होते. आज एखाद्या विहारात पांढरी साडी नाही म्हणून तरुण मुलीला मागे बसवले जात असेल, तर त्या बंडाचा आपण गणवेश केला असे म्हणावे लागेल. पोरांच्या जीन्सवर कुणी बोलत नाही, हेही पाहावे.

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी हयात कार्यकर्त्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक उभे केले. ज्यांना हा लेख अभ्यासवर्गात वापरायचा आहे त्यांनी आधी ते पुस्तक मिळवावे. १९६४ च्या सत्याग्रहात तरुण असलेल्या बायका आज ऐंशीच्या पुढे आहेत. निफाड, सिन्नर, येवला, इगतपुरी, दिंडोरी या तालुक्यांतल्या वस्त्यांत त्या अजून भेटू शकतील. जाताना वही न्या, मोबाईलवर आवाज टिपा. कोणत्या तुरुंगात होत्या, किती दिवस, सोबत कोण होते, घरी मुलांना कुणी सांभाळले, एवढे चार प्रश्न आधी विचारा, आणि त्यांचे माहेरचे नावही लिहून घ्या.