चार खांबांचा धडा

1993 च्या उन्हाळ्यात वडिलांनी आमच्या आदिलाबादच्या जुन्या घरातले चार सागवानी खांब विकले आणि तुळया सरळ दगडमातीच्या भिंतींवर टेकवल्या. "भिंत हातभर जाड आहे, खांबांचे काय काम?" असे ते म्हणाले. मी तेव्हा एम. ए. करीत होतो, मलाही ते पटले.

उत्तर त्याच वर्षी इतिहासाने दिले. 30 सप्टेंबरच्या पहाटे, गणेशविसर्जन आटोपून काही तास होतात न होतात तोच, किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. हातभर नव्हे, त्याहून जाड भिंती ढासळल्या. परंतु अनेक घरांत भिंती पडूनही लाकडी खणांवरचे मातीचे माळवद तसेच उभे राहिले.

स्फोटालाही हाच न्याय लागू पडतो. 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' जहाजावरील सुमारे 1400 टन स्फोटके दोन धमाक्यांत उडाली. हादऱ्याची नोंद दूर सिमल्याच्या भूकंपमापकावर झाली. असा स्फोट झाला, की हवेचा दाब भिंतीला आधी आत ढकलतो, मग बाहेर ओढतो. छप्पर भिंतीवरच असेल तर भिंतीबरोबर तेही खाली येते. लाकडी सांगाड्यात मात्र भार खांब वाहतात, भिंत नुसती भरण असते. विटा निखळतात, सांधे करकरतात, लाकूड थोडे वाकते. त्या वाकण्यात धक्क्याचा बराचसा जोर जिरतो. दुसऱ्या महायुद्धातील बॉम्बवर्षावातही ब्रिटनमध्ये सांगाड्याच्या इमारती नुसत्या भिंतींवर उभ्या असलेल्या इमारतींपेक्षा अधिक टिकल्या.

अर्थात लाकूड म्हणजे कवच नव्हे. 1945 साली हिरोशिमात लाकडी घरे मैलभर चिरडली व जळाली. मुंबईतही स्फोटापाठोपाठ आगीने वस्त्या गिळल्या. किल्लारीत छत वाचले, तरी ढासळलेल्या दगडांखाली माणसे गेलीच. म्हणून सांगाड्याच्या जोडीला भिंतीत आरपार जाणारे दगडही हवेत.

आमच्या सीमाभागात एका घरात 'तुळई' म्हणतात, शेजारी 'दूलम्'. दोन्ही घरांतले जुने खांब आज विकले जात आहेत. वडील आता नाहीत. गेल्या वर्षी मी चार सागवानी खांब आणून त्याच तळखड्यांवर पुन्हा उभे केले. पैसे दुप्पट-तिप्पट नव्हे, कितीतरी पट लागले. पण मुलांना वर्गात इतिहास शिकवणाऱ्याने घरी तो विसरू नये, एवढेच.