आवलीच्या बाजूने

१९३६ सालच्या उन्हाळ्यात गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला गेले. बुलडाण्याच्या शेगावशी टपालाचा घोळ व्हायचा, म्हणून १९४० साली त्याचं नाव सेवाग्राम झालं. त्याच १९३६ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ पडद्यावर आला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या सिनेमाचा इतिहास सांगायचा तर मी याच सालापासून सुरुवात करते, कारण आमच्याकडच्या कितीतरी घरांमध्ये या दोन्ही गोष्टी एकाच ओसरीवर राहिल्या.

गांधीजींना सिनेमा आवडत नसे. इंग्रज सरकारने १९२७ साली चित्रपट चौकशी समिती नेमली, तेव्हा त्यांनी तिच्या प्रश्नावलीची उत्तरं भरली नाहीत. आपण सिनेमाला कधी गेलो नाही आणि त्याचं नुकसान उघड दिसतं, एवढंच कळवलं. जुगार, सट्टा, घोड्यांच्या शर्यती यांच्या रांगेत ते सिनेमाला बसवत. त्यावर ख्वाजा अहमद अब्बास या पंचविशीतल्या पत्रकाराने १९३९ साली ‘फिल्मइंडिया’ मासिकातून त्यांना उघडं पत्र लिहिलं. त्याचं म्हणणं असं की सिनेमा वाईट हातांत वाईट आणि चांगल्या हातांत चांगला. महात्म्याने त्याला टाकून देऊ नये. मला हे पत्र फार योग्य वाटतं. मुलाने बापाशी बोलावं तशा आदराने ते लिहिलेलं आहे आणि तरी त्यात माघार नाही.

आमचे आजोबा खादीवाले. आंजीहून कधी बंडीने, कधी पायी सेवाग्रामच्या प्रार्थनेला जात. घरात चरखा होता, चहा नव्हता, आणि सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. अपवाद एकच. ‘संत तुकाराम’ आला की ते स्वतः बायकांना बंडीत बसवून न्यायचे. त्यांच्या लेखी तो सिनेमा नव्हताच, ते कीर्तन होतं. अब्बासचं पत्र त्यांनी वाचलेलं नसणार, पण त्यातला मुद्दा त्यांनी आपल्या परीने मान्य केला होता.

आमच्याकडे सिनेमा यायचा तो तंबूतून. वर्धा-आर्वी रस्त्यावरचं आंजी हे बाजाराचं मोठं गाव. आजूबाजूच्या खेड्यांना तेच जवळ. कापूस विकून लोकांच्या हाती पैसा आला आणि पऱ्हाट्या उपटून वावरं मोकळी झाली की टूरिंग टॉकीजचा ट्रक यायचा. पाऊस लागला की तंबू बंद. यंत्र एकच असायचं, त्यामुळे दर रिळाला पडदा काळा व्हायचा. एक रीळ म्हणजे हजार फूट फीत, दहा-अकरा मिनिटांचा खेळ. मधल्या वेळात मुरमुरे-फुटाणेवाला फिरायचा आणि बायका झालेल्या भागावर बोलून घ्यायच्या. ते बोलणं मला पिक्चरइतकंच आठवतं. जुन्या चित्रपटांबद्दल माझी जी मतं आहेत त्यांतली बरीचशी त्या काळ्या पडद्याच्या वेळात तयार झाली.

हा माल कुठून यायचा, हे जाणून घेण्यासारखं आहे. वर्धा जिल्हा १९५६ पर्यंत महाराष्ट्राच्या बाजूला नव्हता. आधी मध्य प्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात. सिनेमाच्या धंद्याने मात्र इंग्रजी राजवटीतले नकाशे सोडले नाहीत. वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडले, त्यांत आमचा विभाग ‘सी. पी. बेरार’. तो प्रांत कागदावरूनही गेला, तरी धंद्यातली माणसं आजही तेच नाव घेतात. या विभागाचे वितरक भुसावळला आणि अमरावतीला बसत. पहिल्यांदा मोठी शहरं, मग जिल्ह्याची गावं, मग तालुका, आणि सगळीकडून झिजून आलेली फीत शेवटी तंबूत. साठीच्या दशकात मी लहान होते तेव्हा प्रभात कंपनी बंद होऊन कितीतरी वर्षं झाली होती (१९५३ साली तिचा कारभार संपला, आणि १९६० पासून तिच्याच जागेवर सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट उभी होती), पण तिचे चित्रपट आमच्या वावरात ताजे होते. पडद्यावर रेघांचा पाऊस पडायचा. मधले तुकडे गेलेले असायचे. तरी कोणी ‘जुना पिक्चर’ असा शब्द वापरत नसे.

तंबूत मधोमध कनात असायची. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला आम्ही. ‘संत तुकाराम’ त्या कनातीच्या दोन बाजूंना दोन वेगळे चित्रपट म्हणून चालायचा, असं मी ठामपणे म्हणते. पुरुषांच्या बाजूने विष्णुपंत पागनीस दिसले की हात जोडले जायचे. आमच्या बाजूला बायका वाट बघायच्या आवलीची.

आवली केली होती गौरी या नटीने. तिच्याविषयी जितकं लिहिलं जायला हवं होतं तितकं लिहिलं गेलेलं नाही. पोर तापाने फणफणलेलं, घरात दाणा नाही, नवरा भजनात. आणि ही बाई पायताण घेऊन विठोबाच्या देवळात चालून जाते. त्या प्रसंगाला आमच्या बाजूला एकही बाई गप्प नसायची. माझी मोठीमाय, एरवी देवाला पाठ न दाखवणारी, मोठ्याने ‘बरोबर करून राहिली’ म्हणायची. गौरीचा अभिनय नाटकी नाही. ती ओरडते ती दमलेल्या बाईसारखी ओरडते, आणि ओरडता ओरडता हात कामातच असतो. म्हशीवर तिची जी माया आहे ती दाखवायला तिला वेगळं तोंड करावं लागत नाही. काही जाणकार आवलीला कजाग म्हणून मोकळे होतात. मला ते मान्य नाही. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांनी तिला एकदाही हसण्यावारी नेलेलं नाही. तुकोबांच्या विरक्तीची किंमत कोण भरतं, हे त्या चित्रपटात दर पाच मिनिटांनी दिसतं, आणि ती भरणारीचं प्रेमही दिसतं. वैकुंठाला तुकोबा जातात. पोरांना सांभाळायला आवली मागे राहते. चित्रपट तिच्याकडे पाठ फिरवत नाही, म्हणून तो इतर संतपटांच्या वर आहे.

पागनीसांचं वेगळेपण दुसरं. त्यांनी तरुणपणी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या आणि पुढे ते भजनं गाऊ लागले. त्यांच्या चालण्याबोलण्यातला मऊपणा या भूमिकेला चालेल का, अशी शंका कंपनीतच होती म्हणतात. तोच मऊपणा कामी आला. त्यांचा तुकाराम रागावत नाही, उपदेशाचा सूर लावत नाही. गाताना त्यांचे डोळे प्रेक्षकांकडे नसतात. केशवराव भोळ्यांचं संगीत आणि शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं एक गीत असं बेमालूम बसलं की लोक ते तुकोबांचाच अभंग म्हणून गाऊ लागले. आमच्या गावातल्या भजनी मंडळातही ते गायलं जायचं. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. मराठी न कळणाऱ्या माणसांनाही पागनीस कळले, याचं मला नवल वाटत नाही.

पागनीसांची थोरवी कळायला बालगंधर्वांचा ‘धर्मात्मा’ पाहावा. १९३५ साली व्ही. शांतारामांनी, म्हणजे शांतारामबापूंनी, संत एकनाथांवर तो केला, आणि बालगंधर्व पहिल्यांदा बोलपटात आले. चित्रपटाचं ठरलेलं नाव होतं ‘महात्मा’. इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला त्यात गांधीजी दिसले आणि नाव बदलावं लागलं. सेन्सॉरने चुकीचं ओळखलं असं मी म्हणणार नाही. एकनाथ महारवाड्यात जेवायला जातात, ही त्या गोष्टीतली मुख्य गाठ आहे. आमच्या वर्ध्यात जमनालाल बजाजांनी आपलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ १९२८ च्या जुलैमध्ये अस्पृश्य मानलेल्यांना उघडलं होतं. म्हणजे पुण्याच्या स्टुडिओत जे लिहिलं जात होतं ते इथे सात वर्षं आधी घडलेलं होतं, आणि ज्या गांधीजींना सिनेमा नको होता त्यांचंच काम सिनेमा करत होता. विषय इतका मोलाचा, पण एकनाथ म्हणून बालगंधर्व कॅमेऱ्यासमोर अवघडलेले दिसतात. गळा अजून सोन्याचा, पण प्रत्येक हालचाल नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेसाठी केलेली. पागनीसही स्त्रीभूमिकेतूनच आलेले, पण त्यांनी रंगमंच मागे ठेवला. बालगंधर्वांना तो ठेवता आला नाही. त्यांच्यावर माझं प्रेम आहे, म्हणून हे लिहिताना जड जातं.

प्रभातच्या नट्यांमध्ये शांता आपटे माझ्या मनात सगळ्यांत वर आहे. ‘कुंकू’, १९३७. ना. ह. आपट्यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरचा चित्रपट. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला नकार देते, आणि अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. हा चित्रपट आमच्या तंबूत लागला तेव्हा पुरुषांच्या बाजूने कुजबुज होती आणि आमच्या बाजूने टाळ्या. त्या काळात खेड्यात बिजवराला मुलगी देणं नवलाचं नव्हतं. आमच्या ओळीत बसलेल्यांपैकी दोघीतिघी तशाच दिलेल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. त्या फक्त बघत होत्या. केशवराव दाते यांनी तो म्हातारा इतक्या माणुसकीने केला आहे की त्याचा रागही येतो आणि त्याच्यासाठी पोटात तुटतंही. भिंतीवरचं घड्याळ, त्याचा लंबक, घरातले आवाज यांचा वापर शांतारामबापूंनी केला तसा नंतर फार थोड्यांनी केला.

पडद्यावरची नीरा आणि खरी शांता आपटे यांत अंतर कमीच होतं. कंपनीशी करारावरून वाद झाला तेव्हा १९३९ साली ती प्रभातच्या दारात उपोषणाला बसली. उपोषणाचं हत्यार देशाला दिलं आमच्या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्याने. एका सिनेनटीने ते आपल्या हक्कासाठी उचललं. पुढल्याच वर्षी तिचं ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आलं. या धंद्यात येऊ पाहणाऱ्या मुलींना तिने तो आतून कसा आहे ते सांगितलं. सिनेमाबद्दल चिंता करणाऱ्यांमध्ये मी तिचं नाव गांधीजींच्या शेजारी घेते, कारण तिची टीका आतून आलेली होती.

‘श्यामची आई’ (१९५३) शाळेतर्फे दाखवला गेला. आचार्य अत्र्यांच्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. आम्हा वर्धेकरांना त्यात आपुलकी वाटायचं वेगळं कारण आहे: ज्या साने गुरुजींनी ती आई लिहिली, त्यांनीच १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं उतरवून घेतली, आणि विनोबा म्हणजे आमचे पवनारचे. माधव वझेंचा श्याम खरा आहे. वनमालाबाईंबद्दल माझं मत लोकांना रुचत नाही. त्यांची आई शांत, घडवलेली, मूर्तीसारखी. विहिरीच्या प्रसंगात मात्र त्या मूर्तीत जीव येतो. मला आवली अधिक जवळची.

आणि मग आला तो चित्रपट, ज्याच्या परीक्षेला आमची माणसं महाराष्ट्रात सर्वांहून लायक होती. राजदत्तांचा गाडगेबाबांवरचा ‘देवकीनंदन गोपाला’, १९७७. गाडगेबाबा १९५६ साली गेले. वीस वर्षांनी पडद्यावर त्यांना पाहणाऱ्या आमच्याकडच्या प्रेक्षकांत कितीतरी जणांनी खरे बाबा बघितलेले होते, त्यांच्या कीर्तनात उत्तरं दिलेली होती, त्यांच्या खराट्यामागे रस्ता झाडलेला होता. तुकाराम कसे दिसत हे पागनीसांना कोणी विचारू शकत नव्हतं. गाडगेबाबा झालेल्या डॉ. श्रीराम लागूंना प्रत्येक म्हातारा विचारू शकत होता. लागू मूळचे साताऱ्याचे, शिक्षणाने कान-नाक-घशाचे सर्जन, आणि पुढे ‘परमेश्वराला रिटायर करा’ असं लिहिणारे. बाबांच्या वऱ्हाडी बोलीशी त्यांचं नातं जन्माचं नव्हतं. आजोबा तेव्हा थकले होते, तरी आले. पिक्चर संपल्यावर त्यांना विचारलं, तर म्हणाले, ‘बाबांचा आवाज याहून फाटका होता. पण प्रश्न विचारून थांबायचा, ते थांबणं बरोबर आहे.’

मी पुढे हा चित्रपट पुन्हा पाहिला तेव्हा तेवढंच लक्ष देऊन पाहिलं. कीर्तनात बाबा लोकांना प्रश्न टाकतात आणि उत्तराची वाट बघतात. लागू तिथे खरोखर वाट बघतात. सवयीने बोलणारा नट ते अंतर भरून टाकतो, लागू ते मोकळं ठेवतात. देव दगडात नाही हे गाडगेबाबा देवाचं नाव घेत सांगायचे. देव न मानणाऱ्या नटाला ती भूमिका इतकी पेलली, त्यामागे हेही कारण असावं असं मला वाटतं. दगडातल्या देवाशी भांडण दोघांचंही होतं, आणि पायताण घेऊन देवळात गेलेल्या आवलीचंही.