बॅच फाइलमधील ‘फॉर’ : एका ओळीत तीनशे कामे

कार्यालयात महिनाभर साठलेल्या तीनशे फायली एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये नाव बदलून ठेवायच्या असतील, तर एकेका फायलीवर माउस फिरवीत दुपार घालविता येते किंवा एका ओळीची बॅच फाइल लिहून ते काम मिनिटभरात उरकता येते. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या पडद्यावर एकामागून एक टाइप करावयाच्या आज्ञा नोटपॅडमध्ये लिहून ती फाइल ‘.बॅट’ या विस्ताराने जतन केली की झाली बॅच फाइल. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये पॉवरशेल आणले, तरी ही जुनी पद्धत विंडोजमध्ये टिकून आहे. पुनरावृत्तीच्या आज्ञा हे तिचे खरे सामर्थ्य. आणि खरा धोकाही तोच. (या आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या, तरी प्रत्यक्षात त्या रोमन लिपीतच लिहावयाच्या असतात.)

मुख्य आज्ञा ‘फॉर’. ‘फॉर %%एफ इन (*.टीएक्सटी) डू इको %%एफ’ या ओळीचा अर्थ असा की, फोल्डरमधील प्रत्येक मजकूर-फायलीचे नाव आळीपाळीने %%एफ या चलात घ्यावे आणि पडद्यावर दाखवावे. बॅच फाइलमध्ये टक्क्याची दोन चिन्हे लागतात. तीच आज्ञा थेट प्रॉम्प्टवर दिल्यास एकच. नवशिक्यांची पहिली ठेच बहुधा येथेच लागते.

‘फॉर’ला जोडून ‘/आर’ लिहिल्यास आतील सर्व उपफोल्डर धुंडाळले जातात, ‘/डी’ने केवळ फोल्डर निवडले जातात, तर ‘/एफ’ने फायलीतील मजकूर ओळीओळीने वाचता येतो. ‘/एल’ आकडे मोजते. मात्र तिच्या कंसातील क्रम आरंभ, पायरी, शेवट असा आहे. एक ते दहा मोजण्यासाठी (१,१,१०) असे लिहावे लागते. चुकून (१,१०,१) लिहिले तर आवर्तन एकदाच होते आणि पायरी शून्य दिली तर ते थांबतच नाही. अशा वेळी कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबणे हाच उपाय. ‘जोपर्यंत’ या अर्थाची स्वतंत्र आज्ञा बॅचमध्ये नाही. ते काम ‘इफ’ आणि ‘गोटू’ यांच्या जोडीने, अपूर्णविरामाने सुरू होणाऱ्या खुणेकडे परत उडी मारून करावे लागते.

सर्वांत फसवी बाब आहे ती चलाच्या वाचनाची. ‘डू’नंतरच्या कंसात मोजणीचा आकडा वाढवीत नेला, तरी प्रत्येक फेरीत पडद्यावर शून्यच दिसते. कारण संपूर्ण कंस चालण्यापूर्वी एकदाच वाचला जातो आणि टक्क्यांच्या चिन्हांमधील चलाची किंमत तेव्हाच ठरून जाते. त्यासाठी आरंभी ‘सेटलोकल एनेबलडिलेडएक्सपान्शन’ लिहून चलाभोवती टक्क्याऐवजी उद्गारचिन्हे वापरावी लागतात. औषधाचा दुष्परिणामही आहे: फायलीच्या नावातच उद्गारचिन्ह असेल तर ते गळून पडते.

नावे बदलतानाही सावधगिरी हवी. ‘फॉर’ फोल्डर वाचीत असतानाच ‘रेन’ने नावे बदलली, तर नवे नाव पुन्हा यादीत येऊन त्याच फायलीला दोनदा उपसर्ग लागण्याचा संभव असतो. ‘फॉर /एफ’मध्ये ‘डिर /बी’ ही आज्ञा दिल्यास यादी आधी पूर्ण तयार होते आणि हा घोळ टळतो.

खरी हानी होते ती ‘डेल’मुळे. समजा, ‘जमा खर्च.टीएक्सटी’ ही फाइल पुसावयाची आहे. चलाभोवती अवतरणचिन्हे नसतील, तर मधल्या मोकळ्या जागेमुळे संगणक ‘जमा’ आणि ‘खर्च.टीएक्सटी’ अशी दोन नावे समजतो. त्याच फोल्डरमध्ये ‘खर्च.टीएक्सटी’ नावाची वेगळी फाइल असेल, तर ती नाहक पुसली जाते आणि नको असलेली तशीच राहते. ‘डेल’ने गेलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. म्हणूनच जाणकार ‘डेल’च्या आधी ‘इको’ लिहून ओळ एकदा चालवितात. काय पुसले जाणार ते पडद्यावर नीट वाचतात आणि मगच ‘इको’ हा शब्द काढून टाकतात.