किशोरवयातील दारू आणि मेंदू : अमेरिकेतल्या संशोधन-निधीची वाटचाल

अमेरिकेत दारूच्या व्यसनावरील संशोधनाला स्वतंत्र सरकारी संस्था मिळाली ती 1970 च्या अखेरीस. आयोवाचे सिनेटर हॅरल्ड ह्यूज स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले होते. त्यांनी लावून धरलेल्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी 31 डिसेंबर 1970 रोजी सही केली आणि ‘एनआयएएए’ ही संस्था स्थापन झाली. तिचे लक्ष सुरुवातीला मुख्यतः प्रौढ व्यसनींकडे होते.

गंमत म्हणजे याच सुमारास मतदानाचे वय 18 वर आले आणि अनेक राज्यांनी दारू पिण्याचे वयही खाली आणले. तरुण चालकांचे अपघात वाढले, तेव्हा 1984 च्या केंद्रीय कायद्याने, वयोमर्यादा 21 न करणाऱ्या राज्यांच्या महामार्ग-निधीत कपात ठरवली. 1988 पर्यंत सगळी राज्ये वळणावर आली. या निर्णयामागे रस्त्यावरचे मृत्यू होते. मेंदूशास्त्राचा त्यात वाटा नव्हता.

मेंदूचा प्रश्न पुढे आला तो नव्वदीच्या दशकात. एनआयएएएच्या ब्रिजेट ग्रँट आणि डेबोरा डॉसन यांनी 1997 मध्ये दाखवले की, पंधरा वर्षांच्या आत प्यायला लागलेल्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक लोक आयुष्यात कधीतरी व्यसनाधीन झाले. विशीत किंवा त्यानंतर सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे 10 टक्के होते. पण यात दोष दारूचा, की घरचे वातावरण आणि स्वभाव यांचा? सर्वेक्षणातून हे सुटणारे नव्हते, आणि मुलांना दारू पाजून पाहणे तर अशक्यच.

म्हणून निधी उंदरांकडे वळला. 2010 मध्ये सुरू झालेल्या ‘नाडिया’ या संघाचे नेतृत्व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या फुल्टन क्रूज यांच्याकडे होते. किशोर उंदरांना थांबून थांबून, पण भरपूर मद्य द्यायचे, मग मद्य बंद करून उंदीर प्रौढ झाल्यावर तपासायचे, अशी ही पद्धत. हे उंदीर नवे शिकत, मात्र नियम उलटला की जुनी सवय सोडताना अडखळत. अग्रमेंदूच्या तळाशी असलेल्या, अ‍ॅसिटिलकोलीन बनवणाऱ्या पेशीही कमी दिसत. पुढे व्यायामाने आणि दाह कमी करणाऱ्या औषधांनी यातला काही बदल मागे फिरतो असे आढळले. ‘पेशी मेल्या’ हा आधीचा समज त्यामुळे सैल झाला. उंदरांवरील कामाची खरी कमाई हीच म्हणावी लागेल.

माणसांवरचा अभ्यास अधिक खर्चिक होता, कारण मुले प्यायला लागण्याआधीच त्यांच्या मेंदूची चित्रे घेणे भाग होते. 2012 मध्ये निधी मिळालेल्या ‘एनकँडा’ या अभ्यासाने पाच केंद्रांत 12 ते 21 वयाचे 831 जण निवडले, त्यांतले बहुतेक फारसे न पिणारे होते. जास्त पिऊ लागलेल्यांत मेंदूच्या करड्या भागाची, वयानुसार होणारी घट अधिक वेगाने होताना दिसली. त्यानंतरच्या ‘एबीसीडी’ अभ्यासाने 2016 ते 2018 या काळात 9-10 वर्षांची सुमारे 11,880 मुले नोंदवली. त्याचा खर्च मात्र एनआयएएए एकटी उचलत नाही. इतर अनेक सरकारी आरोग्यसंस्थाही त्यात भागीदार आहेत.