आरोग्यपथक, ग्रामीण (पेण–रोहा परिसर)

डॉक्टर, परिचारिका, आरोग्यसेवक व आशा (गावातल्याच आरोग्य-कार्यकर्त्या) यांनी मिळून गावाच्या आरोग्याची जबाबदारी वाहणारा गट. पेण-रोह्याच्या डोंगरातील कातकरी, ठाकर वाड्यांपर्यंत दवाखाना पोचतो तो आशाताईंच्या पायांनी. पथकाचा कणा त्याच. गावातल्याच बाईने आरोग्यसेवा दारापर्यंत न्यावी, या विचाराची मुळे शेजारच्या अलिबाग तालुक्यात सापडतात. प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अँटिया यांनी १९७० च्या दशकात मांडवा परिसरात गावातल्याच अल्पशिक्षित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. ‘आशा’ योजना आली ती २००५ मध्ये. पथकाचे काम साखळीसारखे चालते: गरोदर बाईची जोखीम प्रथम वाडीवर ओळखली जाते, मग प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर तपासतात, गरज पडल्यास रुग्णवाहिका उपजिल्हा रुग्णालयाकडे निघते. मधला एक निरोप चुकला तरी गरोदर बाई वाटेत अडकते. पथकाचा कणा असूनही आशांना नियमित वेतनश्रेणी नाही, हे अन्याय्य आहे.