इतका खर्च झाल्यावर

भातसानगर ही पाटबंधारे खात्याची वसाहत. शहापूर तालुक्यातलं भातसा धरण बांधायला माणसं आली आणि त्यांच्यासाठी ती उभी राहिली. धरणानं मुंबईला भरभरून दिलं. मुंबई महापालिका ज्या सात जलाशयांतून पाणी घेते, त्यांचा मिळून उपयुक्त साठा 14,47,363 दशलक्ष लिटर. त्यातला 7,17,037 एकट्या भातसाचा, म्हणजे जवळजवळ निम्मा. त्याच शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात, आणि हे सांगितल्याशिवाय भातसाचं कौतुक करू नये. पण खात्यासाठी भातसा म्हणजे यशच, आणि एका खोऱ्यात मिळालेलं यश शेजारच्या खोऱ्यात शंका घेऊ देत नाही. मुरबाडच्या काळू धरणाची गोष्ट मला इथूनच सुरू झालेली दिसते.

काळूचं काम 2011 साली सुरू झालं. वनजमिनीची मंजुरी हातात नव्हती. बुडीत क्षेत्रात सुमारे हजार हेक्टर जंगल होतं, आणि ठाकर, महादेव कोळी, कातकरी यांची गावं. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये काम थांबलं. त्याच वर्षी केंद्राच्या वन सल्लागार समितीनं प्रस्ताव फेटाळला. 2013 मध्ये त्याच समितीनं तो उचलून धरला. तोवर कोट्यवधी रुपये खर्ची पडले होते. इतका खर्च झाल्यावर आता मागे कसं फिरायचं, हा प्रश्न अर्धवट धरणांच्या बैठकीत कधी ना कधी उठतोच.

मागे न फिरण्याचा हा हट्ट काळूपेक्षा पुष्कळ जुना आहे. पुण्याजवळचं पानशेत धरण आठवा. धरण 1962 मध्ये पुरं व्हायचं होतं, पण 1961 च्या पावसाळ्यातच पाणी अडवायचं ठरलं. पाणी सोडण्याच्या मोरीचं काम अपुरं असताना जलाशय भरू दिला गेला. 12 जुलैला धरण फुटलं आणि पुणे बुडालं. ठरलेली तारीख पाळण्याचा आग्रह हीसुद्धा भावनाच. फक्त तिला कुणी भावना म्हणत नाही, कार्यतत्परता म्हणतात.

या वागण्याला प्रयोगशाळेत नेलं ते अमेरिकेतले संशोधक बॅरी स्टॉ यांनी, 1976 साली. त्यांनी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना एका कंपनीचा संशोधन-निधी वाटायला दिला. पहिला निर्णय काहींनी स्वतः घेतला, काहींना तो आयता मिळाला. मग पुढचे दोन कोटी डॉलर वाटायची वेळ आली. ज्यांनी स्वतः निवडलेला विभाग तोट्यात गेला होता, त्यांनी त्याच विभागात सर्वांत जास्त पैसे ओतले. म्हणजे निव्वळ बुडालेला पैसा माणसाला अडकवत नाही, त्यावरची स्वतःची सही अडकवते.

पुढच्या अभ्यासांनी भावना एकेक करून वेगळ्या काढल्या. हाँगकाँगमधल्या एलिक वाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना 2006 मध्ये आढळलं, की फसलेल्या निर्णयाबद्दल ज्यांना मनापासून वाईट वाटतं ते त्यातून लवकर बाहेर पडतात. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपण समजतो, अस्वस्थ अधिकारी चुकतो आणि थंड डोक्याचा तारतो. इथे ती अस्वस्थताच सुटकेची वाट दाखवते. त्साय आणि यंग यांनी 2010 मध्ये राग आणि भीती शेजारी ठेवून पाहिली: रागावलेला माणूस निर्णयाला चिकटून राहतो, भ्यालेला हात आखडता घेतो.

मग अधिकारी बदलला तर? कॅलिफोर्नियातल्या बँकांच्या 1997 च्या अभ्यासात दिसलं, की वरिष्ठ व्यवस्थापक बदलल्यावर बुडीत कर्जं बुडीत म्हणून लवकर मान्य होतात. नव्या माणसाला जुन्या सहीची लाज नसते. पण हे आपल्या पाटबंधाऱ्यांना लागू पडत नाही, आणि माझा खरा मुद्दा इथेच आहे. आपल्याकडे कार्यकारी अभियंता काही वर्षांत बदलून जातो, मंत्री बदलतो, सरकारही बदलतं. तरी काम थांबत नाही. दाभोळच्या वीजप्रकल्पाचंच पाहा. तो उभारणाऱ्या एन्रॉन कंपनीशी झालेला करार 1995 च्या ऑगस्टमध्ये नव्या सरकारनं रद्द केला आणि काही महिन्यांत त्याच सरकारनं तो फेरवाटाघाटी करून पुन्हा स्वीकारला. पहिला टप्पा 1999 मध्ये सुरू झाला, वीज परवडेना, आणि 2001 मध्ये प्रकल्प बंद पडला.

सही करणारा गेला तरी भीती फाईलमध्ये राहते. काम बंद केलं की झालेला खर्च लेखापरीक्षणात निष्फळ ठरतो आणि बंद करणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. काम चालू ठेवलं की तेच पैसे ‘प्रगतिपथावर’ राहतात. मग किंमत वाढली की ‘सुप्रमा’ घ्यायची, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. ज्या भीतीनं प्रयोगशाळेतला माणूस थांबतो, तिचीच दिशा आपल्या कार्यपद्धतीनं फिरवली आहे. इथे चालू ठेवायची भीती वाटत नाही, थांबवायची वाटते. सिंचन घोटाळ्याच्या आरोपांनंतर सरकारची श्वेतपत्रिका 2012 मध्ये निघाली, चौकशीसाठी नेमलेल्या चितळे समितीचा अहवाल 2014 मध्ये आला. दोन्हींवरची चर्चा कुणी किती खाल्लं यातच संपली. भ्रष्टाचार खराच होता. पण प्रामाणिक अभियंतासुद्धा फसलेलं काम का थांबवू शकत नाही, हे त्या गदारोळात कुणी विचारलं नाही.

काळूची फाईल अजून मिटलेली नाही. महानगराची तहान दाखवून ती पुन्हा पुन्हा वर येते. पुढची सुप्रमा मांडली जाईल तेव्हा तिच्यासोबत काम थांबवण्याचाही हिशेब मांडला जावा, आणि तो आधीच्या कुठल्याही मान्यतेवर सही नसलेल्या अभियंत्यानं लिहावा. त्यात झालेल्या खर्चाचा रकाना नसावा. पुढे लागणारा पैसा, जाणारं जंगल आणि मुरबाडच्या ग्रामसभांचे ठराव, एवढंच असावं.